उत्तर नाही, ती वाडी आधी

प्रिय ईरा आणि निमिष,

गेल्या रविवारी फोनवर ईरा म्हणाली, "आजी, फॉर्ममध्ये लोक जी जागा रिकामी सोडतात ना, तिथे मी आता सरळ शून्य भरून टाकते. प्रोग्रॅम कोसळायचा थांबला." निमिष मागून म्हणाला, "सगळे तेच करतात." मग तुम्ही दोघं तिकडच्या बर्फाविषयी बोलायला लागलात.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. प्रोग्रॅम लिहिणं मला येत नाही. पण ईराचं ते वाक्य ऐकून एक बाई टेबलावर हात आपटून उभी राहिली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिचं नाव रंजना सकपाळ. गेल्या पावसाळ्यात ती गेली. महाडच्या आमच्या कॉलेजात शोकसभा झाली, तेव्हा फलकावर तिच्या फोटोखाली 'शांत, सोशिक, मनमिळाऊ' असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्याने तिला कधी पाहिलं नसावं. माहीत नव्हतं, तर ती जागा रिकामी ठेवायची होती. म्हणून मी हे लिहिते आहे, आणि तुम्ही ते पूर्ण वाचावं अशी माझी अपेक्षा आहे.

रंजना आमच्याकडे संगणक शिकवायला आली तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. ठेंगणी, काटक, घट्ट वेणी, हनुवटीवर एक जुनी खूण. पोलादपूरच्या डोंगरावरच्या एका वाडीतली मुलगी. घरी म्हशी होत्या, नाचणीची शेती होती. शिकून मुंबईला गेली, एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायची, आणि ते सोडून परत आली. का सोडलं, असं विचारलं की म्हणायची, "तिथं मीटिंगमध्ये सगळे हो म्हणायचे. मला कंटाळा आला."

पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये तिने चहाची किटली थेट उचलली नाही. आधी दोन बोटांनी जराशी हलवून पाहिली. आमचे पदार्थविज्ञानाचे सर म्हणाले, "काय मॅडम, किटलीची नाडी बघताय?"

"हो. आत काय आहे ते बघते, मग उचलते."

"आणि नसलं काही आत?"

"तर उचलत नाही. तुमच्यासारखी तोटी वाकडी करून वाट बघत बसत नाही."

सर हसले, पण त्यांच्या हातातला कप खरंच रिकामा होता.

हनुवटीवरच्या खुणेची गोष्ट तिने मला नंतर सांगितली. त्यांच्या वाडीत पाणी दरीतून वर आणावं लागे. आई कळश्या ओळीने मांडून, झाकण घालून ठेवी. रंजना सात-आठ वर्षांची असेल. तिने एक कळशी भरलेली समजून सगळी ताकद लावून उचलली. कळशी रिकामी होती. ती जोरात वर आली आणि तिचा काठ हनुवटीवर बसला. "भरलेली कळशी उचलताना काही होत नाही, मॅडम," ती म्हणाली. "रिकामी आहे हे माहीत असेल तरी काही होत नाही. भरलेली आहे असं धरून चाललं, की लागतं."

दरवर्षी नव्या वर्गाला ती हाच धडा पहिला द्यायची. टेबलावर झाकलेल्या दोन कळश्या. वर्गातल्या सर्वांत दांडग्या मुलाला बोलवायची आणि म्हणायची, "दोन्ही उचल, झटकन." दुसऱ्या, रिकाम्या कळशीला तो हमखास मागे तोल जाऊन धडपडायचा आणि वर्ग हसायचा. मग ती फळ्याकडे वळायची. "हसू नका. तुमचा प्रोग्रॅम उद्या असाच पडणार आहे. यंत्राला सांगितलंत की या नावाच्या डब्यातून माणसाचा पत्ता काढ. डब्यात पत्ताच नसला तर? ते बिचारं हात घालतं आणि तोंडावर आपटतं. म्हणून हात घालायच्या आधी एक ओळ लिहायची. आत काही आहे का? असेल तर पुढे जा. नसेल तर काय करायचं, ते आत्ताच ठरवा."

नसेल तर काय करायचं, यावरच तिची सगळी भांडणं झाली.

पहिलं भांडण मी पाहिलं ते सपना नावाच्या मुलीवरून. तिची आई दवाखान्यात होती म्हणून ती चाचणीला आली नव्हती. कार्यालयातल्या प्रोग्रॅमने तिच्या नावापुढे शून्य छापलं आणि तिला नापास केलं. रंजना तो कागद घेऊन प्राचार्यांकडे गेली. मी कुठल्याशा सहीसाठी तिथेच बसले होते.

"ही मुलगी आली नव्हती, सर."

"म्हणूनच शून्य आहे ना."

"शून्य मिळवायला पेपरला बसावं लागतं. शून्य हे उत्तर आहे. हिचं उत्तर आपल्याकडे नाही."

"अहो, शेवटी गोष्ट एकच."

"एकच कशी? तुमच्या खिशात पैसे नाहीत, आणि तुमचा खिसा मी तपासलाच नाही, हे एकच का?"

प्राचार्यांनी नकळत खिशावर हात ठेवला. सपनाची चाचणी पुन्हा झाली. तिला त्यात फारसे गुण मिळाले नाहीत, पण जे होते ते तिचे होते.

असं जिंकत गेलं की माणूस लोकप्रिय होत नाही. रंजनाला स्टाफरूममध्ये 'थांबा मॅडम' असं नाव पडलं होतं, कारण कुणी काही गृहीत धरून बोलायला लागलं की ती तळहात पुढे करून "थांबा" म्हणायची. तिला ते नाव ठाऊक होतं. एकदा माझ्याकडे वळून म्हणाली, "बरंय की. 'चला मॅडम' पेक्षा बरं."

आता टँकरची गोष्ट. हीच मला सांगायची आहे.

तुम्ही इकडे येता ते डिसेंबरात, तेव्हा झरे अजून वाहत असतात. आमच्याकडे पाऊस इतका पडतो की रस्ते वाहून जातात, आणि तरी चैत्र-वैशाखात वरच्या वाड्यांचे झरे आटतात. सगळं पाणी सावित्री नदीतून समुद्राला गेलेलं असतं. महाडात एक संस्था आहे, ती या वाड्यांना टँकरने पाणी पोचवते. तिचे प्रमुख इनामदार साहेब, निवृत्त इंजिनियर. शिस्तीचे, स्वच्छ हाताचे, आणि आपलंच खरं असं मानणारे. निवृत्तीनंतर मी त्यांची इंग्रजी पत्रं लिहून देत असे. प्रोग्रॅमसाठी माणूस हवा, असं ते म्हणाले तेव्हा मीच रंजनाचं नाव सुचवलं.

काम सोपं होतं. दर सोमवारी प्रत्येक वाडीच्या एका फोनवर संदेश जाई: या आठवड्यात किती टँकर हवेत? वाडीने आकडा कळवायचा. त्यावरून कुठे किती फेऱ्या ते ठरे, आणि संस्थेच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तालुक्याचा नकाशा उमटे. गरज असेल तिथे निळा ठिपका, गरज नसेल तिथे हिरवा. ज्यांचं उत्तरच नाही त्यांना रंजनाने लाल ठिपका दिला होता, आणि यादीत त्यांना सगळ्यांत वर ठेवलं होतं.

शिमगा झाल्यावर ठिपके लाल व्हायला लागले. इनामदार साहेबांना ते बघवेना.

"रंजना, हा लाल रंग काढ. पाहुणे येतात, त्यांना वाटतं आपला कारभार बिघडलाय."

"त्या वाड्यांचं उत्तर आलं नाही, साहेब."

"नाही आलं म्हणजे गरज नाही. तहानलेला माणूस गप्प बसतो का? रिकामं असेल तिथे शून्य घाल आणि मोकळी हो."

"फार तहानलेला बसतो गप्प. ओरडायला घसा ओला लागतो."

"तुझं बोलणं चांगलं आहे, पण प्रोग्रॅम बोलण्यावर चालत नाही."

"मग गृहीतावर पण चालत नाय." ती चिडली की तिच्या बोलण्यात वाडी यायची. "मी शून्य घालणार नाय. दुसरं कोण घालत असंल तर त्याचं नाव लिवा खाली, माझं नको."

त्यांनी तसंच केलं. पुण्याच्या एका ओळखीच्या मुलाने घरबसल्या ती ओळ बदलली. पुढच्या सोमवारी नकाशात एकही लाल ठिपका नव्हता. रंजनाने तो पडदा पाहिला तेव्हा मी पत्रांची फाईल लावत शेजारीच होते. ती पडद्याजवळ गेली आणि कापडे गावाच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला असलेल्या एका हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. साकूरमाळ.

"ही वाडी शिमग्यापासून गप्प आहे, मॅडम. शेजारच्या सगळ्या वाड्या टँकर मागताहेत, आणि ही एकटी हिरवीगार कशी?"

"तुझी वाडी आहे का ती?"

"माझी वाडी नेमानं कळवते. ही कळवत नाही, म्हणून विचारतेय." मग पर्स खांद्याला लावत म्हणाली, "येता का? वर जायचंय."

"मी कशाला?"

"तुम्ही संस्थेच्या आहात. आणि साहेब तुमच्या इंग्रजीला घाबरतात."

आवारात एक भरलेला टँकर निघायच्या बेतात होता. चालक बाळूदादा बिडी विझवत होता. रंजना पुढच्या सीटवर चढली आणि मला हात देऊन ओढून घेतलं.

"बाळूदादा, साकूरमाळ."

"मॅडम, मला तर दुसरी वाडी दिलीय. साकूरमाळ कागदावर नाय."

"कागदावर नाय म्हणूनच चाललोय."

"साहेब माझी चामडी काढतील."

"आधी माझी काढतील. तेवढ्यात तू पळ."

बाळूदादाने माझ्याकडे पाहिलं. मी इस्त्रीची साडी नेसून टँकरमध्ये बसलेली म्हातारी प्राध्यापिका. बहुधा त्यामुळेच त्याला धीर आला. त्याने गाडी सुरू केली.

कापडे गाव मागे पडलं, भातखाचरं संपली, आणि रस्ता डोंगराला लागला. रस्ता संपतो तिथे साकूरमाळ. एका रांगेत घरं, आणि बहुतेक दारांना कुलपं. टँकरचा आवाज ऐकूनही कुणी बाहेर आलं नाही. शेवटच्या घराच्या पडवीत एक आजी बोचकं बांधत बसली होती. नाव ठकूबाई. रंजना तिच्यासमोर उकिडवी बसली.

"आये, पाण्याचं काय?"

"काय असायचंय गो? झरा गेला. खाली खड्ड्यात वाटी वाटी जमतं. गुरं भावाकडं धाडली."

"मग कळवलं का नाय? दर सोमवारी फोनवर विचारतात."

"फोन हाय ना. संतोषचा लंबर दिलाय संस्थेला. शिमग्याला आलेला तो, तवा साहेबाची मानसं लिवून घेऊन गेली. वाडीत त्याचाच फोन चांगला."

"आणि संतोष कुठं हाय?"

"नालासोपाऱ्याला."

रंजनाने डोळे मिटले. मग शांतपणे विचारलं, "त्यानं काय कळवलं नाय?"

"तो काय कळवंल, बाय? त्याच्या दारात नळ हाय. त्याला वाटलं कायतरी जाहिरात आली."

मला हसू आलं आणि लगेच गेलं, कारण माझं लक्ष त्या बोचक्याकडे होतं. रंजनानेही ते पाहिलं होतं.

"हे कशाला बांधलंस?"

"जातंय. तो म्हनतो, तिकडंच ये. शेजारची दोघं पण जायची हायत. पान्याबिगर काय करायचं?"

ठकूबाई आणि ती शेजारची दोघं, एवढीच माणसं वाडीत उरली होती. ती गेली असती तर शेवटच्या दारालाही कुलूप लागलं असतं. परत येताना रंजना म्हणाली, "ते शून्य आज खोटं आहे, मॅडम. आणखी थोडे दिवस तसंच ठेवलं असतं, तर खरं झालं असतं. मग त्याला चूक पण म्हणता आलं नसतं."

पण हे नंतरचं. आधी पाणी वाडीच्या आटलेल्या विहिरीत ओतलं. ठकूबाईने कडेला उभं राहून ते पडताना पाहिलं, आणि कळशी आणायला घरात गेली. बोचकं तसंच पडवीत राहिलं. रंजनाने संस्थेच्या यादीसाठी शेजारच्या वाडीतल्या एका सुनेचा नंबर घेतला, जी तिथेच राहते आणि रोज इकडे गुरं चारायला येते. घाटाच्या वळणावर रेंज आली तशी तिने इनामदार साहेबांना फोन लावला. त्यांचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता.

"तू दुसऱ्या वाडीचा टँकर पळवलास! तिथली माणसं सकाळपासून हंडे मांडून बसलीत."

"ती बसलीत हे तुम्हाला कळलं, साहेब, कारण त्यांनी फोन केला. त्यांना संध्याकाळी पाणी द्या. चूक माझी, त्यांची माफी मी स्वतः मागते. तुमची मागणार नाय."

तिने खरंच त्या वाडीत जाऊन माफी मागितली. लोकांनी तिला भरपूर ऐकवलं. ती ऐकत उभी राहिली.

इनामदार साहेबांनी तिला कामावरून काढलं आणि कॉलेजला तक्रारीचं पत्र धाडलं. ते पत्र इंग्रजीत हवं होतं. मी म्हटलं, "साहेब, हे मी लिहिणार नाही," आणि पेन टेबलावर ठेवून घरी आले. त्यांनी ते मराठीत लिहिलं. कॉलेजने रंजनाकडे खुलासा मागितला. तिने दिलेला खुलासा एका ओळीचा होता: टँकर मी नेला, पुन्हा वेळ आली तर पुन्हा नेईन.

मात्र इनामदार साहेबांना वाईट माणूस समजू नका. त्यांनी दुसऱ्या दिवशी नालासोपाऱ्याचा तो नंबर स्वतः फिरवला. मग गप्प असलेल्या सगळ्या वाड्यांचे नंबर फिरवले. आठवड्याच्या शेवटी ते कॉलेजात आले आणि रंजनाच्या वर्गाबाहेर उभे राहिले. ती तास संपवूनच बाहेर आली.

"निम्मे फोन मुंबईत आहेत," ते म्हणाले.

"माहितीय."

"शून्य काढ तिथलं. पण लाल रंग नको. राखाडी कर."

रंजनाने जरा विचार केला. "रंग तुमचा. क्रम माझा. उत्तर नाही ती वाडी यादीत वर. त्या वाडीत त्याच आठवड्यात माणूस प्रत्यक्ष जाणार."

"आणि सगळ्याच गप्प बसल्या तर?"

"तर सगळीकडे जावं लागेल. चप्पल चांगली घ्या."

त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि तिने ती ओळ लिहून दिली. तिचं नाव प्रोग्रॅमखाली परत लागलं नाही, आणि तिने मागितलंही नाही. कॉलेजने पुढच्या वर्षी तिचा करार वाढवला नाही; कारण कुणी सांगितलं नाही. तिने पोलादपूरला एका किराणा दुकानाच्या माडीवर स्वतःचा क्लास काढला. तिथेही टेबलावर दोन कळश्या होत्या.

तिचं शेवटचं दर्शन मला साकूरमाळलाच झालं. ती गेली त्या वर्षी ठकूबाईने तिला शिमग्याला बोलावलं होतं, आणि ती मला घेऊन गेली. तिला कॅन्सर झाला होता आणि तोवर तो हाडात उतरला होता. चार पावलं चालली की बसायची. पण "कशी आहेस" असं विचारायची सोय नव्हती. विचारलं तर म्हणे, "तपासणी चालू आहे. उत्तर आलं की सांगेन."

शिमग्याला देवाची पालखी घरोघर जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक दारात थांबते, घरची बाई ओटी भरते, मग पुढे जाते. मुंबईची मंडळी आली होती, संतोषही होता, पण काही दारं बंदच होती. ऊन चढलं होतं. पालखी खांद्यावर घेतलेली पोरं दमली होती. पहिलं कुलूप दिसताच पुढचा म्हणाला, "बंद हाय रे. चला पुढं."

त्या बंद दाराच्या पायरीवर रंजना बसली होती. मांडीवर नारळ आणि तांदळाची वाटी. ठकूबाईकडून मागून घेतलेली असावी. तिने तळहात पुढे केला.

"थांबा."

"मॅडम, घरात कोन नाय."

"नाय ते मलाही दिसतंय. देवाला थांबून बघू दे. न थांबता जायची रीत वाडीची हाय, का तुमच्या खांद्याची?"

मागून ठकूबाई ओरडली, "बंद दाराला पण थांबायची रीत हाय, मुडद्यांनो. शेजारनीनं ओटी भरायची." पोरं हसली. संतोषने खांदा बदलला. पालखी थांबली. रंजना भिंतीला धरून उठली, सावकाश. कुणाला हात लावू दिला नाही. तिने ओटी भरली, नमस्कार केला, आणि पुढच्या कुलपाकडे बोट दाखवलं. ढोल पुन्हा सुरू झाला आणि ती त्या पायरीवरून पुढच्या पायरीकडे चालू लागली, पालखीच्या पुढे. मी तिला शेवटची पाहिली ती तशी, पाठमोरी.

ईरा, तुझ्या प्रोग्रॅमचं तू काय करावंस हे मी सांगणार नाही. मला ते येत नाही. माझ्याकडे सांगण्यासारखी एवढीच माहिती आहे. संस्थेचा प्रोग्रॅम नंतर दोनदा बदलला, इनामदार साहेबही आता संस्थेत जात नाहीत, पण रंजनाची ती ओळ कुणी काढलेली नाही. राखाडी ठिपक्यांच्या वाड्या आजही यादीत सगळ्यांत वर येतात, आणि त्या आठवड्यात तिथे माणूस जातो. साकूरमाळला तीन घरं उघडी आहेत. ठकूबाई आहे.

तुमची,
आजी